गहाण घर आणि कायद्याने मोजून दिलेले दिवस

घर गहाण ठेवून काढलेले कर्ज फिटेनासे झाले तर त्या घराचे काय होते, या प्रश्नाचे भारतातले उत्तर २००२ साली मुळापासून बदलले. त्यापूर्वी बँकेला गहाण घर विकायचे असेल तर न्यायपीठापुढे दावा लावावा लागे, हिशेब सिद्ध करावा लागे, हुकूम मिळवावा लागे, आणि मगच लिलाव होई. २००२ नंतर बँक स्वतःच नोटीस देते, स्वतःच ताबा घेते, स्वतःच लिलाव पुकारते, आणि कर्जदाराने दाद मागितली तरच न्यायपीठापुढे तिच्या वागण्याची तपासणी होते. फिर्यादीची जबाबदारी धनकोकडून ऋणकोकडे गेली, हा या बदलाचा गाभा आहे. ज्या कुटुंबाच्या दारावर ताब्याची नोटीस चिकटते, त्याला बहुधा नेमके हेच ठाऊक नसते. कोर्टाचे समन्स येईल, तारीख पडेल, तेव्हा आपली बाजू मांडू, अशा समजुतीत ते थांबून राहते आणि तारीख कधीच पडत नाही. कर्जदाराला हक्क नाहीत असे नाही. हक्क आहेत, परंतु त्यांतला जवळजवळ प्रत्येक हक्क ठरावीक दिवसांच्या मुदतीला बांधलेला आहे आणि ती मुदत टळली की तो परत मिळत नाही.

महाराष्ट्राला गहाणाचा प्रश्न नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरले. त्यानंतर चार वर्षांनी, १८७९ साली, सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कर्जनिवारणाचा कायदा केला, त्याने न्यायाधीशाला रोख्यावरच्या आकड्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा आणि फेडीचे हप्ते बांधून देण्याचा अधिकार दिला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने पुढे हेच तत्त्व निराळ्या भाषेत मांडले. गहाण म्हणजे कर्जाची हमी, मालकीची विक्री नव्हे. म्हणून देय रक्कम भरून गहाण सोडवून घेण्याचा मालकाचा हक्क त्या कायद्याच्या कलम ६० ने मान्य केला, आणि हा हक्क काढून घेणारी अट करारात घातली तरी ती टिकत नाही, असा दंडक न्यायालयांनी घालून दिला. या हक्काला गहाणविमोचनाचा हक्क म्हणतात. पुढच्या सव्वाशे वर्षांत त्याचे काय झाले, ते पाहिले म्हणजे आजच्या गृहकर्जदाराची स्थिती नीट कळते.

बँकांची तक्रार खोटी नव्हती, हे येथे मान्य केले पाहिजे. वसुलीचे दावे वर्षानुवर्षे रेंगाळत आणि तोवर तारण मालमत्तेची रया जाई. १९९१ च्या नरसिंहम समितीने बँकांच्या वसुलीसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे सुचवली आणि १९९३ च्या कायद्याने कर्जवसुली न्यायाधिकरणे, म्हणजे बोलीभाषेतली डीआरटी, अस्तित्वात आली. तरीही वसुली हलेना, तेव्हा १९९८ ची दुसरी नरसिंहम समिती आणि महाराष्ट्राचे माजी महाधिवक्ता टी. आर. अंध्यारुजिना यांची समिती यांच्या शिफारशींवरून जून २००२ मध्ये अध्यादेश निघाला आणि वर्षअखेरीस त्याचा कायदा झाला. त्याचे लांबलचक इंग्रजी नाव कोणी घेत नाही. आद्याक्षरांवरून तो ‘सरफेसी’ म्हणून ओळखला जातो. बड्या उद्योगांची बुडीत कर्जे हे त्याचे घोषित लक्ष्य होते, पण कोट्यवधींच्या कारखान्याला आणि डोंबिवलीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटला त्याने एकच पद्धत लावली. पुढे २०१६ साली दिवाळखोरी संहिता आली आणि मोठ्या कंपन्यांना कर्जाच्या पुनर्रचनेची स्वतंत्र वाट मिळाली. त्याच संहितेत सामान्य व्यक्तींच्या दिवाळखोरीचे जे प्रकरण आहे, ते कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरतेच अंमलात आले. पगारावर हप्ते भरणाऱ्या गृहकर्जदाराला ती वाट आजही बंद आहे. कायदा ज्यांच्यासाठी म्हणून झाला त्यांना पर्याय मिळाला आणि ज्यांचा विचारच झाला नव्हता त्यांच्यावर तो पूर्ण भाराने उरला, ही गंभीर विषमता आहे.

थकबाकीचे पहिले नव्वद दिवस

सरफेसीची कारवाई सुरू होण्यासाठी कर्जखाते अनुत्पादक ठरावे लागते. देय रक्कम ९० दिवसांहून अधिक काळ थकली की खाते अनुत्पादक मालमत्ता, म्हणजे एनपीए, गणले जाते. तत्पूर्वी बँक त्या खात्याला तीन पायऱ्यांवर विशेष निगराणीखाली ठेवते: पहिल्या ३० दिवसांची थकबाकी, ३१ ते ६० दिवसांची आणि ६१ ते ९० दिवसांची. एकदा खाते एनपीए झाले की एखादा हप्ता भरून ते पूर्ववत होत नाही. व्याज आणि मुद्दल यांची सगळी थकबाकी भरली तरच त्याचा दर्जा सुधारतो, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. बोलणी करायची ती या ९० दिवसांत, कारण या काळात बँकेलाही खाते एनपीए होऊ द्यायचे नसते. नोकरी गेली असेल, दुखणे आले असेल, तर कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करणे किंवा काही काळ हप्त्यांना सवलत मागणे हे पर्याय लेखी अर्जाने मांडता येतात. ते मान्य करणे बँकेच्या मर्जीवर आहे, पण अर्जाची पोच कर्जदाराच्या हाती राहते आणि तिचा पुढे प्रत्येक टप्प्यावर उपयोग होतो.

थकबाकीचे मूळ पुष्कळदा कर्जदाराच्या वागण्यात नसून व्याजदराच्या चढउतारात असते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर नेला आणि बदलत्या दराच्या गृहकर्जांचे व्याज त्याबरोबर चढले. २५ लाखांच्या, २० वर्षे मुदतीच्या नव्या कर्जाचा हप्ता ७ टक्के दराने सुमारे १९,४०० रुपये येतो; तोच दर ९.५ टक्के झाला तर हप्ता सुमारे २३,३०० होतो. हप्ता जुनाच ठेवून बँकेने नुसती मुदत वाढवायची म्हटले, तर पहिल्या महिन्याचे व्याजच सुमारे १९,८०० रुपये होते, म्हणजे हप्ता भरूनही कर्ज घटण्याऐवजी वाढते. अशा प्रकारे मुद्दल फुगू देऊ नये, दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा दोन्ही थोडेथोडे करणे यांतून निवड द्यावी, आणि स्थिर दराकडे वळण्याची मुभाही ठेवावी, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी दिले. त्याच दिवशीच्या दुसऱ्या परिपत्रकाने हप्ता चुकल्याबद्दलचे दंडव्याज बंद केले. दंड आकारायचा तर तो वाजवी शुल्क म्हणून, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. नोटिशीतला आकडा तपासताना खातेउतारा मागवून दर केव्हा बदलला, निवड विचारली गेली का आणि दंडावर व्याज लागले का, या तीन गोष्टी पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

घर स्वतः विकण्याचा पर्याय कुटुंबांना सर्वांत अवघड वाटतो, मात्र घर वाचणारच नाही असे दिसत असेल तर तोच सर्वांत शहाणपणाचा आहे. मालकाने सवडीने शोधलेला ग्राहक आणि ताब्याच्या वादासह घर घेणारा लिलावातला बोलीदार यांच्या किमतीत बरेच अंतर पडते, आणि त्या अंतराची झळ कर्जदारालाच बसते. मागणी नोटीस आल्यानंतर मात्र बँकेच्या लेखी संमतीवाचून घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही, म्हणून हा निर्णय नोटिशीच्या आधी झालेला बरा. नंतर झाला तर विक्रीच्या पैशातून कर्जखाते कसे बंद होईल, हे ग्राहक, बँक आणि कर्जदार यांच्यात लेखी ठरवून घ्यावे लागते.

वसुली प्रतिनिधींविषयीही येथेच सांगणे योग्य. घर गहाण असले तरी अपमान सहन करण्याचे बंधन कोणावरही नाही. सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करण्यास, तसेच कर्जदाराच्या नातलगांना, मित्रांना त्रास देण्यास रिझर्व्ह बँकेची स्पष्ट मनाई आहे. तक्रार आधी बँकेकडे करावी आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते असमाधानकारक असले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. कर्ज गृहवित्त कंपनीचे असेल तर ही तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे जाते.

साठ दिवसांची नोटीस

खाते एनपीए झाल्यावर बँक सरफेसीच्या कलम १३(२) खाली मागणी नोटीस देते. तीत एकूण देय रकमेचा तपशील आणि ज्या मालमत्तेवर कारवाई होणार तिचे वर्णन असावे लागते, आणि संपूर्ण रक्कम भरण्यासाठी ६० दिवसांची मुदत असते. संपूर्ण रक्कम याचा अर्थ थकलेले हप्ते एवढाच नव्हे. कर्ज एकरकमी परत मागितलेले असते. ही नोटीस सहकर्जदाराला आणि जामीनदारालाही येते, कारण जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराच्या बरोबरीची असते. कर्जदार मरण पावला असेल तर वारसांनी कर्जाबरोबर विमा उतरवला होता का, हे सर्वप्रथम शोधावे. पुष्कळ गृहकर्जांच्या हप्त्यात असा विमा गुंतलेला असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो.

या ६० दिवसांत कर्जदाराला लेखी आक्षेप नोंदवण्याचा हक्क आहे आणि तो मर्डिया केमिकल्स खटल्यातून आला आहे. मूळ कायद्यात असा हक्क नव्हता, आणि बँकेविरुद्ध डीआरटीत जायचे तर मागणीच्या ७५ टक्के रक्कम आधी भरा, अशी अट होती. ८ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण ७५ टक्क्यांची अट अन्यायकारक म्हणून रद्द केली, आणि कर्जदाराच्या आक्षेपांचा विचार करून बँकेने कारणे कळवलीच पाहिजेत, असे बजावले. त्यानंतर त्याच वर्षी कलम १३(३अ) घालण्यात आले. त्यानुसार आक्षेप फेटाळायचा असेल तर बँकेने १५ दिवसांत सकारण उत्तर दिले पाहिजे. त्या उत्तराविरुद्ध लगेच दाद मागता येत नाही हे खरे, त्यामुळे अनेक वकीलही आक्षेपाला औपचारिकता मानतात; परंतु गोव्यातील एका मोठ्या हॉटेलच्या लिलावावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली उत्तर देणे बंधनकारक असल्याचे सांगितले. त्याच खटल्यात कर्जदाराने वारंवार दिलेली आणि मोडलेली आश्वासने पाहून न्यायालयाने बँकेची चूक त्याच्या पदरात टाकली नाही, हेही विसरू नये. आक्षेपाचे वजन ज्याचा व्यवहार स्वच्छ दिसतो त्याच्यासाठीच असते.

आक्षेपात काय लिहावे, हे कायद्याच्या अपवादांवरून ठरते. कलम ३१ प्रमाणे थकीत कर्ज १ लाखापेक्षा अधिक नसेल, किंवा मुद्दल व व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या २० टक्क्यांहून कमी देणे उरले असेल, तर सरफेसी लागूच होत नाही. चारपंचमांश कर्ज फेडलेल्या माणसाचे घर न्यायपीठाच्या हुकमावाचून घेता येणार नाही, असा याचा सरळ अर्थ. शेतजमिनीवरचे तारणही या कायद्याबाहेर आहे, मात्र सातबाऱ्यावर शेती अशी नोंद असल्याने भागत नाही, जमीन प्रत्यक्ष कसली जाते का ते पाहिले जाते. साध्या बिगरबँकिंग वित्त कंपनीला २० लाखांहून लहान कर्जासाठी हा कायदा वापरता येत नाही. तारणाची नोंद केंद्रीय नोंदवहीत, म्हणजे सरसाईकडे, झालेली नसेल तरीही कारवाई अडते. मागणी नोटीस बहुतेक वेळा इंग्रजीत असते. ताब्याची जाहिरात स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात छापलीच पाहिजे, असा नियम करणाऱ्या सरकारने जिच्या एकेका ओळीवर घर अवलंबून आहे ती नोटीस मात्र कर्जदाराच्या भाषेत देण्याची सक्ती केली नाही, ही उणीव महाराष्ट्राच्या लोकप्रतिनिधींनी आजवर ठामपणे मांडायला हवी होती.

एकरकमी तडजोड, म्हणजे ओटीएस, हा या काळातला बहुचर्चित पर्याय. ती कर्जदाराचा हक्क नव्हे, बँकेचा व्यावसायिक निर्णय आहे आणि न्यायालय ती बँकेवर लादू शकत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला. राष्ट्रीय लोकअदालतीत अशी तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचे बळ येते. लेखी मंजुरीपत्र हाती आल्याशिवाय ओटीएसच्या आशेवर दिवस घालवू नयेत, कारण बोलणी चालू असली तरी कायद्याची मुदत थांबत नाही.

ताबा आणि न्यायाधिकरण

साठ दिवस उलटल्यावर बँकेचा प्राधिकृत अधिकारी, सरकारी बँकेत किमान मुख्य व्यवस्थापक दर्जाचा, कलम १३(४) खाली ताबा घेतो. बहुधा पहिला ताबा प्रतीकात्मक असतो: दारावर नोटीस चिकटवली जाते आणि सात दिवसांच्या आत ती दोन वर्तमानपत्रांत छापली जाते, ज्यांतले एक स्थानिक भाषेतले असते. कुटुंब घरातच राहते, म्हणून काही घडले नाही असे वाटते. वस्तुतः येथूनच दाद मागण्याच्या ४५ दिवसांची मोजणी सुरू होते. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्याकडे किंवा मुख्य दंडाधिकाऱ्याकडे जाते. त्याने ३० दिवसांत, आणि कारणे नोंदवून जास्तीत जास्त ६० दिवसांत, हुकूम द्यायचा असतो. तेथे कर्जदाराची बाजू ऐकली जात नाही. हे काम प्रशासकीय आहे, निवाड्याचे नव्हे, असे न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. कलेक्टर कचेरीत अर्ज घेऊन गेलेली माणसे निराश होऊन परततात याचे कारण अधिकाऱ्यांची अनास्था हे नसून दाद मागण्याची जागाच वेगळी आहे, हे आहे. ताब्याच्या दिवशी घरातले सामान, कपडे, भांडी, कागदपत्रे तारण नसतात. ती नेण्याचा कुटुंबाचा हक्क कायम असतो.

दाद मागायची ती डीआरटीत, कलम १७ खाली, कारवाईपासून ४५ दिवसांत. प्रतीकात्मक ताब्यानंतरही हा अर्ज करता येतो, प्रत्यक्ष बाहेर काढले जाईपर्यंत थांबण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले. महाराष्ट्रात ही न्यायाधिकरणे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. कर्जदाराला लागणारे शुल्क १० लाखांपर्यंतच्या देण्याला दर लाखामागे ५०० रुपये, आणि त्यापुढे ५,००० रुपये अधिक वरच्या प्रत्येक लाखामागे २५० रुपये असे आहे. २५ लाखांच्या देण्याला ते ८,७५० रुपये होते. दिवाणी न्यायालयाला या वादात कलम ३४ ने मनाई आहे, आणि पर्यायी मार्ग उपलब्ध असताना उच्च न्यायालयांनी रिट अर्जांवर स्थगिती देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालय २०१० पासून सांगत आले आहे. बँकेने नियम मोडल्याचे सिद्ध झाले तर डीआरटी ताबा परत देण्याचा हुकूम करू शकते आणि कलम १९ खाली भरपाई व खर्चही देऊ शकते. अर्ज ६० दिवसांत, फार तर चार महिन्यांत, निकाली काढावा असे कायदा म्हणतो, पण पीठासीन अधिकाऱ्यांच्या रिकाम्या जागा आणि साचलेली प्रकरणे यांमुळे ही मुदत बहुधा कागदावरच राहते, आणि स्थगिती मिळाली नसेल तर तोवर बँकेचे पुढचे पाऊल पडलेले असते.

डीआरटीच्या निकालाविरुद्ध अपिलीय न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत जाता येते, पण तेथे देण्याच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. न्यायाधिकरण ती कमी करू शकते, तरी २५ टक्क्यांच्या खाली आणू शकत नाही. २५ लाखांचे देणे असलेल्या कुटुंबाला अपिलासाठी किमान सव्वासहा लाख रुपये उभे करावे लागतात. तेवढे पैसे त्याच्याकडे असते तर हप्ते थकले नसते. मर्डिया खटल्यात ७५ टक्क्यांची अट ज्या कारणासाठी गेली ते कारण गृहकर्जदाराच्या बाबतीत येथेही तितकेच लागू पडते, आणि किमान राहत्या घरापुरती ही अट काढून टाकणे न्यायाला धरून होईल.

भाडेकरूंची बाजू निराळी आहे. गहाणापूर्वीच्या, कायदेशीर आणि कागदोपत्री सिद्ध होणाऱ्या भाडेकरारावर राहणाऱ्याला सरसकट हुसकावता येत नाही, आणि २०१६ च्या दुरुस्तीने भाडेकरूचा दावा तपासण्याचा अधिकारही डीआरटीला मिळाला आहे. मुंबईतल्या जुन्या भाडेकरूंना भाडे नियंत्रण कायद्याचा जो आधार २०१६ च्या निकालाने मिळाला होता, तो २०१९ च्या निकालाने बराच आवळला गेला.

गहाण सोडवण्याची शेवटची घटका

लिलावाचे नियम काटेकोर आहेत. मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून किंमत ठरवून राखीव किंमत नक्की करावी लागते, कर्जदाराला विक्रीपूर्वी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि राखीव किमतीखाली विक्री करायची तर कर्जदाराचीही संमती लागते. हे नियम कर्जदाराच्या हितासाठी असून ते तंतोतंत पाळले नाहीत तर विक्री टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरवले. मूल्यांकन कमी वाटत असेल तर स्वतःच्या खर्चाने दुसरे मूल्यांकन करून घेऊन ते बँकेला आणि डीआरटीला देणे, ही कृती साधी असली तरी परिणामकारक आहे.

गहाणविमोचनाच्या हक्काचे मात्र येथेच सर्वांत मोठे नुकसान झाले. २०१६ पूर्वी कलम १३(८) प्रमाणे विक्री पुरी होईपर्यंत केव्हाही पूर्ण रक्कम भरून घर सोडवता येई. दुरुस्तीने ही मर्यादा मागे खेचून लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीच्या क्षणावर आणली. त्याचा नेमका अर्थ काय, याविषयी उच्च न्यायालयांत मतभेद होते. बाफना मोटर्स प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने लिलावानंतरही कर्जदाराला जास्त रक्कम भरून मालमत्ता सोडवण्याची परवानगी दिली होती; २१ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की हक्क संपला, असे निःसंदिग्ध सांगितले. लिलाव घेणाऱ्याला निश्चिती हवी, नाहीतर बोली कोणी लावणार नाही, हे त्यामागचे कारण समजण्याजोगे आहे. पण महाराष्ट्राच्याच सहकार कायद्यात या दोन्ही गोष्टींचा मेळ फार पूर्वी घातलेला आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था नियमांतील नियम १०७ प्रमाणे लिलाव झाल्यानंतरही ३० दिवसांच्या आत थकीत रक्कम आणि खरेदीदाराला खरेदी किमतीच्या ५ टक्के भरपाई भरली तर विक्री रद्द करून मागता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेतही अशीच ५ टक्क्यांची तरतूद आहे. खरेदीदाराला मोबदला मिळतो, धनकोचे पैसे येतात आणि घर मालकाकडे राहते. कोणाचेच नुकसान न करणारी ही तरतूद सरफेसीत नसावी, याला सबळ कारण दिसत नाही.

सहकाराचा उल्लेख आला म्हणून एक भेद सांगणे जरूर आहे, कारण महाराष्ट्रात अनेकांचे कर्ज नागरी सहकारी बँकेचे किंवा पतसंस्थेचे असते. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात ५ मे २०२० रोजी घटनापीठाने सहकारी बँकांनाही सरफेसी वापरता येतो असे ठरवले. पतसंस्था मात्र बँक नव्हे. तिला सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घ्यावा लागतो. तेथे कर्जदाराला दाखला निघण्यापूर्वी म्हणणे मांडता येते, आणि पुढे नियम १०७ चे ते ३० दिवसही मिळतात. खाजगी सावकाराने घर बळकावले असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाच्या कलम १८ खाली जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. बेकायदा सावकारीत गेल्या १५ वर्षांत हातची गेलेली स्थावर मालमत्ता परत देण्याचा अधिकार त्याला आहे. मुदतखरेदीच्या नावाखाली झालेली कित्येक खरेदीखते या तपासणीत गहाण ठरू शकतात.

लिलावातून आलेला पैसा देणे आणि खर्च वजा जाता उरला, तर तो कर्जदाराचा असतो आणि त्याचा हिशेब मागण्याचा त्याला हक्क आहे. कमी पडला, तर उरलेल्या रकमेसाठी बँक कलम १३(१०) खाली पुढेही वसुली लावू शकते. घर गेले म्हणून कर्ज फिटले, असे आपोआप होत नाही. याउलट कर्ज फिटले किंवा तडजोडीने मिटले, तर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत आणि बँकेच्या दोषामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता, तर इतरांना उत्पन्नमर्यादेत, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्या अधिनियमात न्यायालय या संज्ञेत न्यायाधिकरणही येते, म्हणजे हा वकील डीआरटीतल्या कामासाठीही मागता येतो. फ्लॅट पतिपत्नींच्या नावावर असेल तर पत्नीने सहकर्जदार म्हणून स्वतः अर्ज करावा. अर्जासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. नोटीस हाती पडल्यावर ज्यांना काय करावे सुचत नसेल, त्यांनी नोटिशीचे पाकीट तारखेसह जपून ठेवावे आणि त्याच आठवड्यात तेथे जावे.